शेवटच्या आजारातील शुश्रूषा : तिची पारख कशी करावी?

(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत, पलसाणा येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने गोड बोलावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. विश्वस्त मंडळींनी मात्र आम्हांस जो विषय नेमून दिला, तो ऐकून घरी कोणी म्हणाले, "जेवणाच्या पंगतीआधी हे काय बोलायचे?" तरीही आम्ही तो आनंदाने पत्करला. आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी निधीचा काही भाग बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची सेवा करणाऱ्या एखाद्या संस्थेस द्यावा, असा ठराव आपल्यापुढे आहे. मदत मागणारे अर्जही आलेले आहेत. पैसा आपण सर्वांनी मिळून जमविला आहे. कोणी गिरणीतल्या पगारातून, कोणी दुकानाच्या गल्ल्यातून, तर कोणी भिशीच्या रकमेतून दिला आहे. तो कोणाच्या हाती द्यावयाचा, हे ठरविण्यापूर्वी त्या हातांची पारख कशी करावयाची, याचा विचार व्हावयास हवा. आम्ही पडलो शिक्षक. परीक्षा घेणे हाच आमचा धंदा. म्हणून हे काम आमच्याकडे आले असावे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. इंग्रजीत ज्याला हॉस्पिस म्हणतात, त्याला आपण उपशामक सेवा किंवा शेवटच्या आजारातील शुश्रूषा म्हणू. रोग बरा होण्याची आशा जेथे उरली नाही, तेथे रुग्णाच्या वेदना, धाप, उलटी, जखम, भीती आणि एकटेपणा यांवर उपचार करावयाचे, आणि त्याच्या घरच्यांनाही हात द्यावयाचा, असे हे काम आहे. हा मरणाची वाट पाहण्याचा धर्मशाळेसारखा थांबा नव्हे. 'आता काही करण्यासारखे उरले नाही' हे वाक्य जेथे संपते, तेथून या कामाची सुरुवात होते.

आजच्या स्वरूपातील हे काम प्रथम उभे केले ते डॉ. सिसिली सॉंडर्स या इंग्रज बाईंनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णांच्या अडचणी पाहणाऱ्या समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. वेदना केवळ शरीराची नसते. तिला मनाची, संसाराची आणि श्रद्धेचीही बाजू असते, ही गोष्ट त्यांनी वैद्यकास शिकविली. आपल्या देशात १९८६ साली मुंबईच्या वांद्रे भागात, माउंट मेरीच्या टेकडीवर, डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन स्थापिले. पुढे त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीतही झाल्या. १९९७ मध्ये पुण्याजवळ वारजे येथे सिप्ला कंपनीच्या आश्रयाने कर्करुग्णांसाठी असेच केंद्र सुरू झाले. या दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत.

केरळाने निराळी वाट धरली. १९९३ साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी वेदनाशमनाचे एक लहानसे काम आरंभिले. त्यातून पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी, कॉलेजातील मुले आपल्या वॉर्डातील रुग्णांची नोंद ठेवू लागली आणि परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. २००८ मध्ये त्या राज्याने या सेवेचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

आता आपल्याकडे वळू. पलसाण्याच्या आसपास रंगाई-छपाईच्या गिरण्या आहेत, चलथाणला साखर कारखाना आहे आणि मधून महामार्ग जातो. आपल्यापैकी पुष्कळांची कुटुंबे ताप्ती लाइनने खानदेशातून इकडे आली. एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात. नवऱ्याची पाळी रात्रीची, बायको साड्यांना टिकल्या लावते आणि मुले शाळेत. अशा घरात एखाद्याला तोंडाचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग झाला, की आधी सुरत, मग मुंबईचे टाटा हॉस्पिटल अशी धावपळ होते. दागिने जातात, गावाकडची जमीन गहाण पडते, आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, "आता घरी घेऊन जा, सेवा करा." सेवा करा, हे ठीक. पण कशी? त्या एका खोलीत, रात्री दोन वाजता माणूस वेदनेने ओरडू लागला, तर काय करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर जी संस्था देईल, ती आपल्या मदतीस पात्र.

पण पारखावे कसे? येथे खरी अडचण आहे. इतर इस्पितळांचा हिशेब सोपा असतो. किती रोगी आले, किती बरे होऊन गेले, ते मोजता येते. येथे तर जवळजवळ प्रत्येक रुग्ण जावयाचाच असतो. शाळेत निकाल वाईट लागला, तर पालक दारात येऊन उभे राहतात. येथे ज्याला वाईट वागणूक मिळाली, तो तक्रार करावयास परत येत नाही. मागे राहिलेले नातेवाईक शोकात असतात. कोणी दिलेल्या पेलाभर पाण्यानेही ते उपकृत होतात, आणि आपलीच काही कसूर झाली असेल, या विचाराने गप्प बसतात. त्यामुळे वाईट संस्थाही वर्षानुवर्षे चांगले नाव मिरवू शकते आणि चांगली संस्था अज्ञात राहू शकते. म्हणूनच आपण डोळे उघडे ठेवून काही ठरावीक प्रश्न विचारले पाहिजेत. आम्ही ते आठ केले आहेत.

पहिला प्रश्न वेदनेचा. ही संस्था प्रत्येक रुग्णाला रोज वेदनेविषयी विचारते काय आणि उत्तर कागदावर लिहिते काय? चांगल्या ठिकाणी रुग्णाला सांगतात की, शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य. तुमची आज किती? शून्य मिळाले की पास, अशी ही एकच परीक्षा आम्ही पाहिली. लिहून ठेवलेला आकडा कालच्यापेक्षा खाली आला की नाही, हे कोणासही वाचता येते. जेथे 'पेशंट ठीक आहे' एवढेच लिहिलेले असेल, तेथे कोणी विचारलेच नाही, असे समजावे.

याच प्रश्नाला जोडून मॉर्फिनचा प्रश्न येतो. तीव्र कर्कवेदनेवर तोंडावाटे द्यावयाचे मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली याची सोपी पद्धत सांगितली. शक्य तोवर औषध तोंडावाटे द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे, आणि वेदनेच्या पायरीप्रमाणे चढवीत जावे. घड्याळाप्रमाणे म्हणजे, वेदना परत येऊन माणूस ओरडेपर्यंत थांबावयाचे नाही. साध्या गोळीचा पुढचा डोस चार तासांनी त्याआधीच द्यावयाचा. आमचा देश अफूची कायदेशीर लागवड करणारा. शेजारच्या मध्यप्रदेशात आणि राजस्थानात सरकारी परवान्याने तिचे मळे फुलतात. पण १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची अशी गुंतागुंत केली की, वर्षाला पाचशे किलोंहून अधिक असलेला मॉर्फिनचा वापर १९९७ साली जेमतेम अठरा किलोंवर आला. अफू आपल्या शेतात आणि वेदना आपल्याच घरात, अशी ही विपरीत स्थिती. २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस ही आवश्यक औषधे ठेवण्यास पूर्वीइतके परवाने लागत नाहीत. तेव्हा संस्थेस सरळ विचारावे की, आपणांस ही मान्यता आहे काय? मागील वर्षात मॉर्फिन किती दिवस संपलेले होते? साठ्याचे रजिस्टर दाखवाल काय? 'हवे तेव्हा मागवितो' हे उत्तर नापासाचे समजावे. वेदना हवे तेव्हा येत नसते.

आणखी एक बारीक खूण सांगतो. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. म्हणून जाणकार डॉक्टर त्याच चिठ्ठीवर सहसा रेचकही लिहितो. मॉर्फिन आहे आणि रेचक नाही, असे दिसले, तर लिहिणाऱ्याने हे काम नीट शिकून घेतलेले नाही, असे समजावयास हरकत नाही. मॉर्फिन म्हणजे मरणाची गोळी किंवा दारूसारखे व्यसन, अशी एक भीती आपल्या घरांतून आहे. योग्य मात्रेत, जाणत्या हाताने दिलेल्या मॉर्फिनने मरण ओढवत नाही. माणसाला झोप लागते, दोन घास जातात, नातवाशी बोलता येते. चांगली संस्था ही भीती घरच्यांस बसवून समजावून सांगते.

दुसरा प्रश्न रात्रीचा. दिवसा सारेच भले असतात. आमच्या माहितीतील एका घरी वडिलांचा आजार शेवटच्या टोकास आला होता. ज्या सेवेवर त्यांनी भरवसा ठेवला होता, तिच्या कागदावर 'चोवीस तास' असे ठळक छापलेले होते. रात्री दीड वाजता मुलाने फोन केला, तर पहारेकऱ्याने उचलला आणि सांगितले, "सकाळी दहानंतर करा." वडील सकाळी सहाला गेले. मृत्यू काही टळणारा नव्हता, पण ते साडेचार तास टळण्यासारखे होते. ते साडेचार तास तो मुलगा जन्मभर विसरणार नाही. तेव्हा मंडळी, देणगीचा विचार करण्यापूर्वी आपल्यापैकी एकाने रात्री दोन वाजता त्या नंबरावर फोन करून पाहावा. नम्रपणे बोलावे, कोण आहोत ते सांगावे आणि विचारावे, "या वेळी एखाद्यास धाप लागली, तर आपण काय सांगता?" पलीकडे शिकलेली परिचारिका असेल, तर ती उत्तर देईल.

तिसरा प्रश्न माणसांचा. किती डॉक्टर आणि किती परिचारिका या कामासाठी खास शिकलेल्या आहेत? ज्याला सर्व रोगांचे ज्ञान आहे, त्याला हे काम येतेच, असे नाही. भारतीय उपशामक सेवा संघटना १९९४ मध्ये स्थापन झाली. आपल्या देशातील या क्षेत्रातल्या जाणत्या मंडळींनी अशा संस्थांसाठी किमान निकषांची एक यादीही तयार केली आहे. तिच्यात काही गोष्टी आवश्यक आणि काही इष्ट अशा वेगळ्या केल्या आहेत. शिकलेला डॉक्टर, शिकलेली परिचारिका, वेदनेची लेखी नोंद आणि औषधाचा अखंड पुरवठा या गोष्टी आवश्यकांत येतात. मोठी इमारत त्यांत येत नाही, हे लक्षात घ्यावे.

चौथा प्रश्न शिकविण्याचा, म्हणजे आमच्या आवडीचा. ही माणसे घरच्यांना शिकवितात काय? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तोंड ओल्या कापडाने स्वच्छ ठेवावे लागते. कर्करोगाच्या जखमेला दुर्गंधी येऊ लागली, की शेजारी येईनासे होतात आणि रुग्ण स्वतःच तोंड भिंतीकडे करतो. ती दुर्गंधी मेट्रोनिडाझोल या साध्या औषधाने पुष्कळ कमी होते, हे कित्येक घरांस कोणी सांगितलेलेच नसते. शेवटच्या दिवसांत भूक मरते. तेव्हा बळेच भरविल्याने किंवा बाटलीमागून बाटली सलाइन चढविल्याने ताकद येत नाही, कधीकधी सूज आणि धाप वाढते. हे सुनेला, मुलाला, भावाला शांतपणे पटवून देणे, हेही उपचारच होत. जी परिचारिका पट्टी करून निघून जाते, तिच्यापेक्षा पट्टी कशी करावी ते घरच्या मुलीला शिकवून जाणारी परिचारिका अधिक मोलाची.

पाचवा प्रश्न भाषेचा आणि खरे बोलण्याचा. आमच्या भागात डॉक्टर गुजराती बोलतात, परिचारिका हिंदीत विचारते आणि रुग्ण अहिराणीत कण्हतो. 'दुखस' म्हणजे काय, हे समजणारा एक तरी माणूस त्या संस्थेत असावा. त्याहून अवघड म्हणजे सत्य सांगणे. आपल्याकडे रुग्णापासून आजार लपविण्याची चाल आहे. मुलगा बापाला सांगत नाही, बाप मुलाला कळू देत नाही, आणि दोघेही एकाच खोलीत एकेकटे रडतात. चांगली संस्था सत्य अंगावर फेकीत नाही आणि खोटेही बोलत नाही. रुग्णाला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे ती आधी विचारते. त्याची इच्छा काय, शेवटी यंत्रावर ठेवावयाचे की घरी जावयाचे, हे त्याच्याच तोंडून ऐकते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीतही सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घेता येते. संस्थेतील लोकांस याची माहिती आहे काय, तेही विचारावे.

सहावा प्रश्न श्रद्धेचा. मरणाच्या दारी प्रत्येकाला आपले असे काही हवे असते. मुसलमान रुग्णाला पडल्या पडल्या नमाज अदा करता यावी, पाणी वर्ज्य असेल तर तयम्मुमची सोय असावी, अखेरच्या घटकेस त्याचे तोंड किब्ल्याकडे करता यावे आणि कोणी कानाशी कलमा म्हणावा. बाई गेली, तर तिला बायकांनीच स्नान घालावे. हिंदू रुग्णाच्या मुखात गंगाजल आणि तुळशीचे पान घालता यावे, ख्रिस्ती माणसाकडे पाद्रीबाबा यावेत, आदिवासी बांधवाला त्याच्या रीतीप्रमाणे निरोप मिळावा. संस्था कोणत्याही धर्माच्या माणसांनी चालविलेली असो. दुर्बळ झालेल्या माणसावर ती आपला धर्म लादत नसेल आणि त्याचा धर्म त्याच्यापासून हिरावत नसेल, तर ती पास. वांद्र्याच्या सदनात ख्रिस्ती भगिनी शुश्रूषा करतात आणि खाटेवर सर्व जातिधर्मांचे लोक असतात. सेवेची खरी ओळख ती हीच.

सातवा प्रश्न पैशाचा आणि नकाराचा. संस्था कोणाला घेते हे सगळे सांगतात. कोणाला घेत नाही, हे आपण विचारावे. फक्त कर्करुग्णच, की मूत्रपिंड निकामी झालेला, अर्धांगाने पडलेला, हृदय थकलेला माणूसही? आधारकार्ड नसलेला परप्रांतीय ऊसतोड मजूर? एचआयव्हीचा रुग्ण? आपली मर्यादा स्पष्ट सांगणाऱ्या संस्थेला दोष देऊ नये. सर्वांना घेतो म्हणून छापून दारातून परत पाठविणारीला द्यावा. 'विनामूल्य' म्हणणाऱ्या ठिकाणी औषधे बाहेरून आणावयास सांगतात काय, रुग्ण खाटेवर असताना घरच्यांकडे देणगीची पावती सरकवितात काय, हे त्या घरच्यांनाच विचारावे. मोफत सेवा चांगली आणि पैसे घेणारी वाईट, असेही नाही. सांगितले एक आणि घेतले दुसरे, ते वाईट.

आठवा आणि शेवटचा प्रश्न मृत्यूनंतरचा. माणूस गेल्यावर ती मंडळी त्या घराकडे पुन्हा फिरकतात काय? चाळिसाव्याला नाही, तेराव्याला नाही, पण महिन्याभरात एखादा फोन, एखादी भेट? विधवा झालेल्या बाईला सरकारी साहाय्याचा अर्ज भरून देणे, शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवणे, हेही याच कामाचे अंग आहे. अशा मुलांना आम्ही वर्गात पाहतो. वडील गेल्यानंतर पहिल्या बाकावरचा मुलगा शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. कोणी वेळीच त्याच्या घरी गेले, तर तो परत पुढे येतो.

प्रश्न झाले. आता उत्तरे मिळवावयाची कशी? पहिली गोष्ट म्हणजे कळवून जाऊ नये. कळवून गेल्यास चादरी नव्या असतात. संध्याकाळी जावे, कारण तेव्हा नोकरांची पाळी बदलते आणि सामसूम असते. घंटी वाजल्यावर माणूस किती वेळाने येतो, ते घड्याळात पाहावे. नाकाने पाहावे, मुताचा आणि जखमेचा वास खोटे बोलत नाही, आणि नुसत्या फिनेलचा उग्र वासही पुष्कळ काही सांगतो. साहेबांच्या खोलीत कमी बसावे आणि आयांशी, झाडूवाल्याशी अधिक बोलावे. त्यांचा पगार वेळेवर होतो काय, त्यांना सुट्टी मिळते काय, हे विचारावे. रोज मरण पाहणाऱ्या माणसाला कोणी विचारणारे नसेल, तर त्याचे मन निबर होते. लेखी नोंदी पाहताना रुग्णांची नावे झाकून दाखवा, असे आपणच म्हणावे. ती अब्रूची गोष्ट आहे. संस्था न सांगताच नावे झाकीत असेल, तर तिला दोन गुण अधिक. आणि ज्यांचे माणूस दोन-तीन महिन्यांपूर्वी गेले, अशा चार घरी जावे. दुःख थोडे निवलेले असते आणि आठवण ताजी असते. त्यांना एवढेच विचारावे, "पुन्हा वेळ आली, तर तुम्ही याच माणसांना बोलवाल काय?" ही परीक्षा सर्वांत कठीण, आणि ती खोटी ठरत नाही.

काही गोष्टींवर मात्र आम्ही एकही गुण देणार नाही. संगमरवरी पाटी, पुढाऱ्यांबरोबरचे फोटो, उद्घाटनाचा अल्बम आणि खाटांची संख्या, या चारही गोष्टींशी रुग्णाच्या वेदनेचा काही संबंध नाही.

येथे दोन आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. पहिला असा की, आपल्या आईबापांना परक्या दारी ठेवणे हीच लाज. मग परक्या संस्थांची चर्चा कशाला? हा आक्षेप करणाऱ्यांच्या मायेविषयी आम्हांस आदर आहे. पण केरळातील कामाने दाखविले की, ही सेवा घरीच पोचविता येते. माणूस आपल्या खाटेवर, आपल्या माणसांत राहतो. बाहेरून फक्त ज्ञान, औषध आणि आधार येतो. ज्या घरात एकच खोली आहे आणि सर्वांना कामावर जावे लागते, तेथे काही दिवस खाटेची सोय लागते. त्यात लाज नाही. तहानलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या घागरीतले पाणी दिले, म्हणून घरची अब्रू जात नाही.

दुसरा आक्षेप नाजूक आहे. जे लोक निःस्वार्थीपणे सेवा करतात, त्यांची परीक्षा घेणारे आपण कोण? मंडळी, १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याप्रमाणे आपल्या ट्रस्टचे हिशेब दर वर्षी तपासले जातात. त्यात आपण कधी अपमान मानला नाही. पैशाचा हिशेब द्यावयाचा आणि वेदनेचा द्यावयाचा नाही, हे कसे चालेल? २०१० साली एका इंग्रजी नियतकालिकाच्या संशोधन विभागाने चाळीस देशांतील मरणकाळच्या शुश्रूषेची तुलना केली, तेव्हा आपला देश चाळिसावा आला. २०१५ मध्ये ऐंशी देशांत सदुसष्टावा. थोडे वर सरकलो, पण अजून मागच्याच बाकांवर आहोत. ज्या वर्गाचा निकाल असा लागतो, तेथे परीक्षा बंद करून भागत नाही. आणि खरोखर चांगले काम करणाऱ्यांस परीक्षेची भीती नसते. आपले काम कोणी तरी नीट पाहिले, याचे त्यांना समाधानच वाटते, असा आमचा शाळेतील अनुभव आहे.

आता ठरावाविषयी आमची नम्र सूचना. आपण स्वतःचे हॉस्पिस बांधण्याच्या मोहात पडू नये. विटा लवकर चढतात, माणसे तयार व्हावयास वर्षे लागतात. त्याऐवजी तीन गोष्टी कराव्यात. एक, या आठ प्रश्नांचा एक कागद मराठी, गुजराती आणि हिंदीत छापून प्रत्येक सभासदाच्या घरी द्यावा. कारण ट्रस्टवर जो प्रसंग आज आला आहे, तो उद्या प्रत्येक घरावर येणार आहे, आणि त्या वेळी विचार करावयास फुरसत नसते. दोन, पाच जणांची एक समिती नेमावी. तिच्यात निदान दोन भगिनी असाव्यात, एक परिचारिका असावी, आणि ज्यांनी अशा आजारात घरचे माणूस गमावले आहे, असा एक जण असावा. या समितीने अर्ज केलेल्या संस्था पाहून याव्यात आणि देणगी एकरकमी न देता वर्षावर्षाने, पुन्हा पाहणी करून द्यावी. तीन, आपल्याच मोहल्ल्यांतील आणि वाड्यांतील दोन मुलींना या शुश्रूषेच्या शिक्षणास पाठवावे आणि घरोघर जाण्यासाठी त्यांच्या वाहनाचा खर्च ट्रस्टने सोसावा. पलसाण्याहून सुरत वीस-पंचवीस किलोमीटर. निरोग्याला ते जवळ वाटते, खाटेवरच्या माणसाला ते कितीतरी दूर असते.

एक गोष्ट सांगून आटोपते घेतो. आपल्यापैकी जी तरुण मुले येथे बसली आहेत, त्यांस हा विषय आपला नव्हे, असे वाटत असेल. पण या आठ प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी लागणारे पाय आणि रात्री दोनला फोन करण्याइतकी जाग त्यांच्याकडेच आहे. समितीच्या प्रत्येक भेटीस त्यांतील एक जण सोबत जावा. एखाद्या आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी दहा मिनिटे बसून आलेला मुलगा आमच्या वर्गात परत येतो, तेव्हा त्याला पुष्कळ धडे आम्हांस निराळे शिकवावे लागत नाहीत.

ठराव मतास टाकताना आपण सर्वांनी हात वर करण्यापूर्वी एकदा आपल्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा, आणि ज्या हातांत आपण त्या माणसाला देऊ शकू, त्याच हातांत ट्रस्टचा पैसा द्यावा.